ठरणं आणि असणं : जादा वेळेत लागलेल्या निकालांचा इतिहास



विषय जाहीर झाल्यावर साहजिकच विचारणा झाली, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला फुटबॉलचं काय पडलंय? तर आधीच सांगतो, फुटबॉल कसा खेळावा हे मी सांगणार नाही. ते सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते बरोबरीवर. दोन बाजू तुल्यबळ निघाल्या, ठरलेला वेळ संपला, तरी दोघांतून एकालाच विजेता म्हणायचं आहे, अशा वेळी माणसं काय करत आली? आणि त्यांनी जो निकाल लावला, त्यातून आपल्याला नेमकं काय कळतं? हा प्रश्न मैदानावरचा आहे तसाच इतिहासाचाही आहे, कारण इतिहास आपल्या हाती येतो तो बहुतेक वेळा निकालाच्या रूपात. अमका जिंकला, तमका हरला, आणि खाली एक तारीख.

आधी आपल्या भाषेकडे बघू. मराठीत विजेता ‘ठरतो’. ‘अमुक संघ विजेता आहे’ यापेक्षा ‘विजेता ठरला’ असं आपण सहज म्हणतो. आणि निकाल ‘लागतो’, तसा तो ‘लावता’ही येतो. वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या भांडणाबद्दल घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘एकदाचा निकाल लावून टाका.’ त्यात खरं-खोटं शोधण्याची हौस कमी आणि मोकळं होण्याची घाई जास्त असते. म्हणजे बघा, ‘असणं’ आणि ‘ठरणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भाषेला ठाऊक आहे. आपण बोलणारे मात्र ते विसरतो. आजचं सगळं व्याख्यान या दोन क्रियापदांमधल्या अंतरावर आहे.

बरोबरी फोडण्याचे तीन मार्ग

बरोबरी झाली की माणसानं आजवर तीनच मार्ग काढलेत, असं मला दिसतं.

पहिला मार्ग, बरोबरी मान्य करणं. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात ही पद्धत जुनी आहे. दोन मल्ल बराच वेळ झुंजले, कुणीच कुणाला चीत करू शकलं नाही, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटलं जातं. त्याच्या उलट असते ती निकाली कुस्ती. पाठ जमिनीला लागेपर्यंत चालणारी. जत्रेच्या फडात ‘निकाली’ हा शब्द पुकारला की गर्दी पुढे सरकते, कारण आता अर्ध्यावर सुटका नाही हे सगळ्यांना कळतं.

दुसरा मार्ग, मूळ खेळ बाजूला ठेवून वेगळीच कसोटी लावणं. १९६८च्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशिया यांचा उपांत्य सामना नेपल्सला झाला. जादा वेळेनंतरही ०-० होता. मग काय केलं? नाणं उडवलं. इटली अंतिम फेरीत गेला आणि पुढे विजेताही झाला. पेनल्टी शूटआऊट फुटबॉलच्या नियमांत आलं ते त्यानंतर, १९७० साली. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण म्हणजे १४ जुलै २०१९ची लॉर्ड्सवरची विश्वचषकाची अंतिम लढत. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हर, पुन्हा १५-१५. शेवटी चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. झाला इंग्लंड जगज्जेता! पळून काढलेली धाव आणि सीमेपार गेलेली धाव यांत प्रतवारी असते, हे त्या दिवसापर्यंत किती प्रेक्षकांना ठाऊक होतं? तो नियम पुढे काही महिन्यांतच बदलण्यात आला.

तिसरा मार्ग, तोच खेळ पुढे चालू ठेवणं. हीच जादा वेळ. आपल्या खो-खोत याची सुंदर तऱ्हा आहे. गुण बरोबरीत राहिले तर जादा डाव होतो, तरी बरोबरीच राहिली तर लघुत्तम आक्रमण. दोन्ही संघांनी एकेकदा आक्रमण करायचं आणि ज्याला पहिला गडी टिपायला कमी वेळ लागला तो जिंकला. खेळ तोच, धावणं तेच, खो तोच. फक्त मोजमाप बारीक झालं.

हा तिसरा मार्ग मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. पण त्यालाही किंमत मोजावी लागते. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीच्या मधल्या वजनगटात मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन ११ तास ४० मिनिटं लढले. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की अंतिम कुस्तीला तो उतरूच शकला नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या एका वजनगटाची अंतिम कुस्ती नऊ तास चालली. स्वीडनचा आल्ग्रेन आणि फिनलंडचा ब्योलिंग. निकाल लागेना. पंचांनी दोघांनाही रौप्य दिलं आणि सुवर्ण कुणालाच नाही. म्हणजे दोघंही दुसरे आणि पहिला कुणीच नाही! तर्कशास्त्राच्या वर्गात हे वाक्य विद्यार्थ्यांनी लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

अंधेरी, १७ मार्च २०१९

आता मुख्य घटनेकडे येतो. इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तिच्या पाचव्या हंगामाची अंतिम लढत मुंबईत, अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातल्या मैदानावर झाली. बेंगळूरु एफसी विरुद्ध एफसी गोवा.

सामन्याच्या आधीची गोष्ट लक्षात घ्या, कारण बरोबरी त्या दिवशी पहिल्यांदा झाली नव्हती. साखळीत प्रत्येक संघ १८ सामने खेळला. शेवटी बेंगळूरुचे गुण ३४ आणि गोव्याचेही ३४. मग पहिलं कोण? गोलफरक बघितला असता तर गोवा वर होता. त्या वर्षीचा गोव्याचा संघ गोलांचा नुसता पाऊस पाडत होता. स्पेनचा फेरान कोरोमिनास, ज्याला सगळे ‘कोरो’ म्हणत, त्यानं एकट्यानं १६ गोल केले होते. पण नियम होता आपसातल्या सामन्यांचा, आणि साखळीतले आपसातले दोन्ही सामने बेंगळूरुनं जिंकले होते. बेंगळूरु पहिलं, गोवा दुसरं.

दोन्ही मोजमापं आपापल्या जागी रास्त आहेत. ‘सगळ्यांविरुद्ध कसं खेळलात’ हे गोलफरक सांगतो, ‘एकमेकांविरुद्ध कसं खेळलात’ हे आपसातले सामने सांगतात. यातलं कुठलं मोजमाप ‘खरं’ आहे, हे निसर्गानं कुठे लिहून ठेवलेलं नाही. कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं.

अंतिम सामन्याला दोन्ही बाजूंनी एकेक जखम घेऊन संघ उतरले होते. बेंगळूरु बरोबर एक वर्ष आधी, १७ मार्च २०१८ला, आपल्याच मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ असं अंतिम सामन्यात हरलं होतं. गोव्याची जखम त्याहून जुनी. २० डिसेंबर २०१५, मडगावजवळचं फातोर्डा मैदान, समोर पुन्हा चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला गोव्यानं २-१ अशी आघाडी घेतली. आपल्या घरी, आपल्या माणसांसमोर, चषक तीन मिनिटांवर. आणि ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. भरपाई वेळेत चेन्नईच्या मेंडोझानं आणखी एक केला आणि गोवा २-३ हरला. त्याच सामन्यात याच कट्टीमणीनं पेनल्टी अडवली होती, पण ते कुणाच्या लक्षात राहणार?

तर अंधेरी. निर्धारित ९० मिनिटं संपली, ०-०. उपांत्य फेरीत याच मैदानावर गोव्यानं मुंबई सिटीला ५-१ असं हरवलं होतं, पण त्या रात्री कोरोलाही वाट सापडेना. जादा वेळ सुरू झाली. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग. पहिला भाग संपत आला तेव्हा, १०५व्या मिनिटाच्या सुमारास, गोव्याचा मधल्या फळीचा आधारस्तंभ अहमद जाहू याला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. दोन पिवळी म्हणजे लाल. गोवा दहा जणांवर आला.

पायात गोळे यायला लागले की फुटबॉल हा वेगळाच खेळ होतो. दहा जण अकरा जणांची जागा भरायला धावत होते आणि पेनल्टीपर्यंत सामना नेला तरी पुष्कळ, अशी अवस्था. ११७व्या मिनिटाला बेंगळूरुला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोनं चेंडू आत टाकला आणि मुंबईच्याच राहुल भेकेनं डोक्यानं तो जाळ्यात लोटला. भेके हा बचावपटू. गोल अडवणं हे त्याचं काम, करणं नव्हे. समोर सुनील छेत्री होता, मिकू होता, ज्यांना गोल करण्याचे पैसे मिळतात. चषक आणला तो मात्र बचाव करणाऱ्यानं.

१-०. बेंगळूरु विजेतं ठरलं. साखळीत पहिलं येऊन चषकही जिंकणारा हा या स्पर्धेतला पहिला संघ. त्याआधी २०१६चा अंतिम सामना पेनल्टी शूटआऊटवर गेला होता, पण जादा वेळेतल्या गोलनं सुटलेला अंतिम सामना हा पहिलाच.

बर्फावरची एक मालिका

आता थोडं दूर जाऊ, थेट कॅनडात, ७० वर्षं मागे. कारण अंधेरीतल्या त्या तेरा-चौदा मिनिटांचा अर्थ तिथे जास्त स्पष्ट दिसतो.

बर्फावरची हॉकी आपल्याकडे लडाखसारख्या ठिकाणीच दिसते. कॅनडात तिचं वेड आपल्या क्रिकेटइतकं. तिथल्या व्यावसायिक लीगचा चषक म्हणजे स्टॅन्ली कप. त्याची अंतिम लढत एका सामन्याची नसते, सात सामन्यांची मालिका असते. चार जिंकेल तो विजेता. आणि बाद फेरीत बरोबरीचा नियम अगदी आपल्या निकाली कुस्तीसारखा आहे. वीस-वीस मिनिटांची सत्रं खेळत राहायचं, जो पहिला गोल करेल तो जिंकला, सामना तिथेच संपला. १९३६ साली डेट्रॉईट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यातला एक सामना असा चालला, की नुसती जादा वेळच ११६ मिनिटांच्या पुढे गेली. त्या सामन्यात गोल झाला तो एकच.

१९५१ साली टोरांटो मेपल लीफ्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स अंतिम मालिकेत समोरासमोर आले. टोरांटोनं मालिका ४-१ अशी जिंकली. आता हा आकडा ऐकून तुमच्या मनात काय आलं? एकतर्फी झाली असणार. पण त्या मालिकेतला प्रत्येक सामना, पाचच्या पाच, जादा वेळेत गेला. प्रत्येक सामना एका गोलच्या फरकानं सुटला आणि प्रत्येक वेळी जादा वेळेच्या पहिल्या सहा मिनिटांच्या आत. पाचव्या सामन्यात तर ३२ सेकंद उरले असताना मॉन्ट्रियल पुढे होतं. टोरांटोनं आपला गोलरक्षक बाहेर काढून एक जास्तीचा आक्रमक उतरवला, टॉड स्लोननं बरोबरी साधली आणि जादा वेळेत बिल बॅरिल्कोनं निर्णायक गोल केला. हा बॅरिल्कोसुद्धा बचावपटू!

अभिलेखात ‘४-१’ एवढंच राहिलं. ज्यानं ती मालिका पाहिली नाही, त्याला हा आकडा खोटं काही सांगत नाही, पण खरंही सांगत नाही. ठरलं काय ते सांगतो, होतं काय ते सांगत नाही.

पुढची हकीकत दुःखाची आहे. २१ एप्रिलला गोल केला, आणि ऑगस्टमध्ये मासेमारीच्या सहलीहून परतताना बॅरिल्कोचं छोटं विमान बेपत्ता झालं. वय २४. शोधमोहिमा झाल्या, काही सापडलं नाही. त्यानंतर टोरांटोला थेट एप्रिल १९६२मध्ये चषक मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जंगलात त्या विमानाचे अवशेष सापडले. साहजिकच लोकांनी या दोन गोष्टी जोडून दंतकथा केली. तो गेला म्हणून चषक गेला, चषक आला म्हणून तो सापडला. कार्यकारणभाव यात काही नाही. पण माणसाचं मन बघा कसं चालतं. एका क्षणावर सगळं ठरलेलं असलं, की त्या क्षणाला आपण दैवाचं रूप देऊन मोकळे होतो. एवढा मोठा निकाल आणि कारण एवढंसं, हे आपल्याला सहन होत नाही.

न्याय कुठल्या जातीचा?

आता माझ्या मूळ विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे येतो. घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानं १९७१ साली न्यायाच्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिला. त्यात कार्यपद्धतीतून मिळणाऱ्या न्यायाचे तीन प्रकार तो सांगतो. पहिल्यात न्याय्य काय हे आधी ठाऊक असतं आणि तिथे हमखास पोचवणारी पद्धतही असते. दोन भावांची वाटणी घ्या. एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. वाटे आपोआप सारखे होतात. दुसऱ्यात न्याय्य काय हे ठाऊक असतं, पण पद्धत चुकू शकते. न्यायालयातला खटला असा. गुन्हा केला असेल त्यालाच शिक्षा व्हावी हे ठरलेलं, पण कितीही काटेकोर चालवला तरी निरपराध माणूस अडकू शकतो. तिसरा प्रकार विलक्षण आहे. तिथे न्याय्य निकाल कोणता हे सांगणारं स्वतंत्र मोजमापच नसतं. पद्धत निकोप असेल आणि ती खरोखर पार पाडली असेल, तर जे बाहेर येईल ते न्याय्य. सरळ खेळलेली सोडत ही याच जातीची.

मग जादा वेळ यातली कुठली? आपण प्रेक्षक तिला दुसऱ्या प्रकारची मानतो. म्हणजे ‘खरा श्रेष्ठ’ संघ आधीच कुठेतरी अस्तित्वात आहे आणि सामना हा जणू खटला, जो त्याला शोधून काढतो. म्हणून हरल्यावर आपण ‘अन्याय झाला’ म्हणतो आणि जिंकल्यावर ‘सिद्ध झालं’ म्हणतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. ३४ विरुद्ध ३४ गुण, एकाचा गोलफरक वरचढ, दुसऱ्याचे आपसातले विजय वरचढ, मग ९० मिनिटं ०-०. याच्या पलीकडे ‘खरा श्रेष्ठ कोण’ याचं उत्तर दडून बसलेलं नाही. ते नाहीच. अशा वेळी जादा वेळ श्रेष्ठ संघ शोधत नाही, ती विजेता निर्माण करते. हा तिसऱ्या जातीचा न्याय आहे. नियम आधी माहीत होते, दोघांना सारखे होते, पूर्ण पाळले गेले. म्हणून बेंगळूरुचं विजेतेपद शंभर टक्के वैध आहे, त्यात काडीचीही खोट नाही. पण त्यातून ‘गोवा कमी दर्जाचा होता’ हे अनुमान निघत नाही. पहिलं विधान ठरण्याचं, दुसरं असण्याचं. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला तर्कात पूल नाही.

याची एक चाचणीही करून बघता येते. १९९०च्या दशकात फुटबॉलमध्ये ‘गोल्डन गोल’चा नियम आला होता. जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना खलास, अगदी बर्फावरच्या हॉकीसारखं. १९९६ची युरो स्पर्धा जर्मनीनं अशीच जिंकली, ऑलिव्हर बिअरहॉफच्या गोलवर. २००४ नंतर तो नियम गेला. आज गोल झाला तरी पूर्ण तीस मिनिटं खेळावी लागतात. म्हणून भेकेच्या गोलनंतरही गोव्याला तीन-चार मिनिटं मिळाली. दहा जणांना, थकलेल्या पायांनी का होईना, उत्तर देण्याचा हक्क मिळाला. उत्तर देता आलं नाही, ही गोष्ट निराळी. दोन्ही नियम निकोप आहेत. पण एकात पहिला शब्दच शेवटचा असतो, दुसऱ्यात समोरच्याला बोलायला जागा असते. समाज कुठला नियम निवडतो यावरून त्याला घाई किती आहे ते कळतं.

निकालानंतरचं आयुष्य

इतिहासकाराचं काम इथून सुरू होतं. निकाल लागल्यावर बातमीदार मैदान सोडतो, इतिहासकारानं थांबायचं असतं.

अंधेरीतल्या पराभवानंतर महिनाही झाला नव्हता. १३ एप्रिल २०१९ला भुवनेश्वरमध्ये एफसी गोवानं सुपर कप जिंकला. समोर कोण? तेच चेन्नईयिन, २०१५चं. पुढच्या हंगामात साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला वेगळी ढाल देण्याची प्रथा सुरू झाली आणि पहिली ढाल गोव्यानं जिंकली. त्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. ज्या संघाचं नाव अंतिम सामन्यात हरणारा म्हणून चिकटलं होतं, त्याच संघाची ही गोष्ट. गोव्याचा मंदार राव देसाई २०१५लाही त्या संघात होता, २०१९लाही. २०२१ साली मुंबई सिटीकडून खेळताना त्यानं चषक उचलला, तोही फातोर्डाच्याच मैदानावर. राहुल भेके पुढे मुंबई सिटीचा कर्णधार झाला आणि २०२४चा चषक त्याच्या संघानं जिंकला. २०२५ साली बेंगळूरुचा अंतिम सामना पुन्हा जादा वेळेत गेला. या वेळी गोल समोरच्यांनी केला. मोहन बागाननं २-१ असा चषक नेला.

जादा वेळ कुणाची सख्खी नसते, एवढं यातून कळतं.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. आपण आत्ता ज्या चौकात बसलो आहोत त्याचं नाव बघा. मैदानावरच्या हरण्याची आणि फासावर जाण्याची तुलना मी करत नाही, करूही नये. पण ठरणं आणि असणं यांतलं अंतर इथे रक्तानं लिहिलेलं आहे. जून १८५७मध्ये या शहराच्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंड झालं. जनरल वुडबर्नची फौज आली, बंड मोडलं, पकडलेल्यांना मृत्युदंड दिले गेले. तो काळा चबुतरा इथलाच. त्या दिवशीचा निकाल अगदी स्पष्ट होता आणि सरकारी कागदात तो ‘बंडाचा बंदोबस्त’ म्हणून बंद झाला. आज वुडबर्नचं नाव या चौकातून जाणाऱ्या हजारांपैकी किती जणांना ठाऊक आहे? चौकाला नाव मिळालं ते हरलेल्यांच्या कृतीचं. क्रांती चौक. तो निकाल कुणी मागे घेतला नाही. पण त्या माणसांचं मोल त्या निकालानं ठरत नाही, हे पुढच्या पिढ्यांनी ओळखलं.

इतिहास वाचणाऱ्या तरुणांना माझं एवढंच सांगणं आहे. निकाल पाठ करा, तो लागतोच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘जिंकला म्हणजे श्रेष्ठ होता’ आणि ‘हरला म्हणजे लायकी नव्हती’ ही दोन वाक्यं लिहिण्याआधी थांबा. ४-१च्या मागे पाच जादा वेळा आहेत का, ते तपासा. परीक्षेच्या निकालाला, निवडणुकीच्या निकालाला आणि शेजारच्या मुलाला नोकरी लागली नाही त्या निकालालाही हीच कसोटी लावा.

माझं बोलणं इथे संपवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

श्रोत्यांतून प्रश्न : सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे तोच खेळ पुढे चालवणं प्रामाणिक. मग पेनल्टी शूटआऊट बंदच करायला हवं का? ती तर निव्वळ नशिबाची गोष्ट.

उत्तर : प्रश्न चांगला आहे. नाणेफेक नशिबाची, शूटआऊट नाही. तिथे कौशल्य लागतं, फक्त ते खेळाचा एक छोटा तुकडा असतं. आणि क्लाइनचं उदाहरण आठवा. माणसाच्या शरीराला मर्यादा आहे, कुठेतरी थांबावंच लागतं. त्यामुळे मी बंद करा म्हणणार नाही. त्यातून निघणाऱ्या अनुमानाला मात्र आवर घाला म्हणेन.

तुमच्या प्रश्नामुळे एक राहिलेली गोष्ट सांगता येईल. २० मार्च २०२२, फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, अंतिम सामना. जादा वेळेनंतर १-१. शूटआऊट. हैदराबादच्या गोलरक्षकानं तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद ३-१नं विजेतं ठरलं. तो गोलरक्षक म्हणजे लक्ष्मीकांत कट्टीमणी. मैदान तेच, जिथे २०१५च्या ९०व्या मिनिटाला चेंडू त्याच्या हातून जाळ्यात गेला होता.

आता कुणी म्हणेल, नियतीनं फेड केली. मी म्हणणार नाही. २०१५च्या रात्रीही तो चांगलाच गोलरक्षक होता, पेनल्टी त्या दिवशीही त्यानं अडवलीच होती. फरक एवढाच, की २०२२ला ते निकालात उतरलं.